टेलिफोनची वीज कुठून येते?

(नभोवाणी भाषणाचा संपादित भाग)

मागच्या पावसाळ्यातली गोष्ट. राहुरीजवळ वस्तीवर राहणाऱ्या माझ्या आत्याकडे रात्री दीडच्या सुमाराला आतोबांची साखर एकदम उतरली. घाम फुटला, हात थरथरू लागले. आत्यानं आधी साखरेचं पाणी पाजलं आणि १०८ ला फोन लावायला रिसीव्हर उचलला. फोन मुका! संध्याकाळच्या वादळात वीज गेली होती, ती परत आलेली नव्हती. मोबाइलला त्या घरात रेंज मिळते ती फक्त गोठ्याच्या कोपऱ्यात. त्या रात्री तिथंही नव्हती. शेवटी बॅटरी घेऊन चिखल तुडवत ती शेजारच्या वस्तीवर गेली आणि तिथल्या मुलानं मोटारसायकलवरून डॉक्टरांना आणलं.

आतोबा आता ठणठणीत आहेत. पण दुसऱ्या दिवशी मी भेटायला गेलो तेव्हा आत्यानं मला धरलंच. "तू शाळेत पदार्थविज्ञान शिकवायचास ना? मग सांग. आमचा जुना फोन वीज गेली तरी चालायचा. सगळी वस्ती अंधारात आणि फोन मात्र खणखणायचा. हा नवा काचेच्या तारेवरचा फोन, तो कसा मेला?"

उत्तर दोन वाक्यांत देता आलं असतं. पण तिच्या प्रश्नात टेलिफोनचा सगळा इतिहास दडलेला आहे, आणि आज घरोघरी इंटरनेटवरून चालणारे फोन का रुसतात, त्यासाठी कोणतं यंत्र घ्यावं आणि कोणतं घेऊ नये, याची किल्लीही तिथंच आहे. म्हणून जरा मागे जाऊ.

बेलनं टेलिफोन बोलता केला तो १८७६ मध्ये. आपल्याकडे जानेवारी १८८२ मध्ये मुंबई, कलकत्ता आणि मद्रास इथं टेलिफोनची केंद्रं उघडली. त्या काळच्या फोनची वीज कुठून यायची? घरातूनच. बोलण्यासाठी फोनच्या पेटीत बॅटरीचे घट ठेवलेले असत आणि केंद्राचं लक्ष वेधण्यासाठी बाजूचा दांडा गरगर फिरवावा लागे. दांडा फिरवला की आतल्या लोहचुंबकाच्या यंत्रात वीज तयार होऊन पलीकडे घंटा वाजायची. ज्यांनी रेल्वेच्या फाटकावरच्या खोलीत तसला फोन पाहिला असेल, त्यांना हे लगेच कळेल. आपलं नगर लष्कराचं गाव. रणगाडा दलाचं प्रशिक्षण इथं चालतं. इथल्या निवृत्त सैनिकांना दांड्याचा मैदानी फोन अजून आठवत असेल. त्यात सुके सेल घालायचे आणि ते संपले की बोलणं संपलं.

घरोघरच्या बॅटऱ्या सांभाळणं हा मोठाच उपद्व्याप होता. १८९० च्या दशकात अमेरिकेत एक साधी पण दूरवर परिणाम करणारी युक्ती निघाली. प्रत्येक घरात बॅटरी ठेवण्यापेक्षा एकच मोठी बॅटरी केंद्रात ठेवायची आणि जी तांब्याची तार आवाज नेते, तिच्यातूनच वीजही पाठवायची. हीच पद्धत पुढे जगभर रूढ झाली. केंद्रात ४८ व्होल्टच्या शिसे-आम्लाच्या बॅटऱ्यांची रांग, तिच्या मदतीला डिझेलचं जनित्र. आपल्या घरातला फोन म्हणजे त्या लांबच्या बॅटरीला तारेनं बांधलेलं मुकाट जनावर. रिसीव्हर उचलला की वीज वाहू लागते, त्यावरून केंद्राला कळतं की गिऱ्हाईक जागं झालं. घंटा वाजवायची तर केंद्र त्याच तारेवर पाऊणशे व्होल्टच्या आसपासची वेगळी वीज सोडतं. भारनियमनाच्या दिवसांत गावात बारा-बारा तास दिवे नसताना फोन वाजायचा, त्यामागचं गुपित एवढंच.

या व्यवस्थेत आणखी एक गोष्ट होती, ती आपण गृहीतच धरली होती. वीज केंद्राची, तार केंद्राची, बहुतेक ठिकाणी फोनचं यंत्रही केंद्राचंच. मग बिघाडही केंद्राचाच! आपलं काम एवढंच, की शेजारच्या फोनवरून १९८ फिरवायचा आणि "फोन डेड आहे" म्हणून सांगायचं. मग कधी तासाभरात, कधी चार दिवसांनी, तर कधी दिवाळी उलटल्यावर लाइनमन सायकलवरून येई, खांबावर चढे आणि डी. पी. उघडून, तारा कानाला लावून दोष कुठं आहे ते सांगे. त्याच्याबद्दल आपण कितीही कुरकुर केली तरी 'दोष शोधणं' हे त्याचं काम आहे, आपलं नाही, याबद्दल कुणालाही शंका नव्हती.

तसा टेलिफोन मिळणं हीच त्या काळी मोठी मिरास होती. कितीतरी लोकांच्या कार्डावर फोन नंबरापुढं 'पी. पी.' अशी अक्षरं असत, म्हणजे फोन शेजाऱ्याचा, निरोप आमचा. गावाबाहेर बोलायचं तर ट्रंक कॉल लावून बसायचं. थेट क्रमांक फिरवून परगावी बोलण्याची सोय देशात पहिल्यांदा १९६० मध्ये कानपूर-लखनौ दरम्यान झाली. आपल्या जिल्ह्यात ती आली तेव्हा प्रत्येक तालुक्याला आपापला क्रमांक मिळाला : नगर ०२४१, जामखेड ०२४२१, श्रीरामपूर ०२४२२, संगमनेर ०२४२५, पारनेर ०२४८८. जिल्ह्याचं नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झालं, क्रमांक मात्र तेच राहिले.

खेड्यात फोन खऱ्या अर्थानं पोचला तो १९८६ नंतर. १९८४ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॉट या संस्थेनं, सॅम पित्रोदांच्या पुढाकारानं, १२८ जोडण्यांचं एक छोटं स्वयंचलित केंद्र तयार केलं. कर्नाटकातल्या कित्तूरला जुलै १९८६ मध्ये ते पहिल्यांदा बसलं. परदेशी यंत्रांना वातानुकूलित खोली लागे. हे आपल्या उन्हात आणि धुळीत, पंख्याशिवायही चालावं अशा बेतानं घडवलेलं होतं. पुढची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे. चौकाचौकांत पिवळ्या पाटीचे एस.टी.डी. बूथ आले. रात्री अकरानंतर दर चौथाई व्हायचा, म्हणून माळीवाड्यात, दिल्ली दरवाजाजवळ त्या वेळी रांगा लागत. पारनेर-अकोल्याकडची निम्मी घरं मुंबईच्या पोटावर जगणारी. त्यांच्या कितीतरी सुखदुःखाच्या बातम्या त्या काचेच्या खोल्यांत, मीटरच्या लाल आकड्यांकडे बघत ऐकल्या गेल्या.

आता इंटरनेट. आवाजाचे तुकडे करून संगणकाच्या जाळ्यावरून पाठवण्याचा प्रयोग अमेरिकेत १९७४ मध्येच झाला होता. कल्पना अशी : बोलण्याचा आवाज सेकंदाला आठ हजार वेळा मोजायचा, ते आकडे गोळा करून छोट्या पाकिटांत भरायचे आणि सेकंदाला पन्नास पाकिटं या हिशेबानं पोस्टात टाकायची. पलीकडे ती उघडून पुन्हा आवाज करायचा. जुन्या फोनमध्ये दोन माणसांसाठी अख्खा रस्ता राखून ठेवलेला असे. इथं राखीव काही नाही. आपली पाकिटं इतरांच्या सिनेमा-गाण्यांच्या गर्दीतून वाट काढत जातात. बोलताना आवाज तुटतो, विहिरीतून आल्यासारखा वाटतो, दोघं एकदम बोलू लागतात, ते या गर्दीमुळं. पाकीट एका टोकाहून दुसऱ्या टोकाला सेकंदाच्या सातव्या हिश्शात पोचलं तर कानाला काही जाणवत नाही. त्याहून उशीर होऊ लागला की संभाषणाची लय बिघडते.

सर्वसामान्य माणसाला इंटरनेट भारतात १५ ऑगस्ट १९९५ पासून मिळू लागलं, पण त्यावरून टेलिफोनसारखं बोलायला सरकारनं परवानगी दिली ती १ एप्रिल २००२ पासून, आणि तीही हात राखून. संगणकावरून परदेशातल्या फोनवर बोलता येई, देशातल्या फोनवर नाही! ज्यांची मुलं अमेरिकेत होती त्यांनी सायबर कॅफेत कानाला हेडफोन लावून तेही गोड मानून घेतलं. २००३ मध्ये स्काइप आलं. ते मे २०२५ मध्ये बंद झालं तेव्हा आमच्या पिढीतले कितीतरी आजी-आजोबा हळहळले असतील. नातवंडांचं तोंड त्यांनी पहिल्यांदा तिथंच पाहिलं होतं. देशातल्या कुठल्याही फोनवर इंटरनेटवरून बोलण्याची वाट मोकळी झाली ती थेट २०१८ मध्ये. त्याच वर्षी बीएसएनएलनं अशी सेवा जाहीर केली.

पण माझ्या आत्याच्या फोनचं मरण या कायद्यात नव्हतं. ते तारेत होतं. २००५ मध्ये ब्रॉडबँड आलं ते जुन्या तांब्याच्या तारेवरच आलं. सरकारच्या २००४ च्या धोरणानुसार २५६ केबीपीएस म्हणजे ब्रॉडबँड. आज ऐकून हसू येतं. भिंतीवर एक छोटी डबी बसे, स्प्लिटर नावाची. ती आवाज फोनकडे आणि इंटरनेट मोडेमकडे वळवी. म्हणजे इंटरनेट बंद पडलं, वीज गेली, तरी फोन आपला केंद्राच्या बॅटरीवर जिवंत. अडचण एवढीच, की तांब्याच्या तारेवर हे इंटरनेट केंद्रापासून चार-पाच किलोमीटरपलीकडे धड पोचत नसे. आपल्या जिल्ह्यात तर अर्धा गाव गावठाणात आणि अर्धा रानातल्या वस्त्यांवर! वस्तीवाले वंचितच राहिले. म्हणून फायबर आलं तेव्हा सर्वांत जास्त आनंद त्यांनाच झाला.

आणि इथंच मेख आहे. काच वीज वाहून नेत नाही.

काचेच्या तारेतून प्रकाश येतो. त्याचं पुन्हा विजेत आणि आवाजात रूपांतर करणारी पेटी आपल्या घरात, आपल्या प्लगवर चालते. तंत्रज्ञ तिला ओएनटी म्हणतात, आपण नुसतं मोडेम म्हणतो. फोनची वायर हिच्याच पाठीमागच्या भोकात जाते. जुन्या केंद्रातली बॅटरी, घंटा वाजवणारं यंत्र, आकडे ओळखणारं यंत्र, असं सगळं आक्रसून या हातभर पेटीत येऊन बसलं आहे. म्हणजे दांड्याच्या फोनच्या काळी वीज घरात होती, मग सव्वाशे वर्षं ती केंद्रात गेली, आणि आता कुणाला न विचारता पुन्हा घरात आली. तिच्याबरोबर लाइनमनचं कामही आलं. बीएसएनएलमधून ३१ जानेवारी २०२० रोजी देशभरातले सुमारे ७८ हजार कर्मचारी एकाच दिवशी स्वेच्छानिवृत्त झाले. तारा कानाला लावून दोष सांगणारे कितीतरी कान त्या दिवशी घरी गेले.

तेव्हा आता आपणच थोडं लाइनमन व्हायला हवं. नगरकरांना यात नवं काही नाही. निजामशाहीत कापूरवाडी, वडगाव, शेंडीहून शहरात खापरी नळांनी पाणी येई. पाणी आलं नाही तर सगळा नळ उकरत बसणं शहाणपणाचं नाही. मध्ये कुठंतरी बघायचं, इथवर पाणी आहे का? असलं तर दोष पुढं, नसलं तर मागं. फोनचंही असंच.

पहिल्यांदा पेटीवरचे दिवे बघावेत. 'लॉस' लिहिलेला लाल दिवा लुकलुकत असेल तर प्रकाशच घरापर्यंत येत नाही; घरात काहीही उलटसुलट करून उपयोग नाही, सरळ तक्रार करावी. आमच्याकडे गळीत हंगामात उसाच्या उंच भरलेल्या ट्रॉल्या रस्त्यावर लोंबणारी फायबर तोडून नेतात, आणि बाकीच्या वर्षभर जेसीबी. लाल दिवा नाही, इंटरनेट चालू आहे, पण फोनचा दिवा बंद आहे, तर फोनची नोंदणी कंपनीच्या यंत्राकडे झालेली नाही. हेही कंपनीनंच करायचं. फोनचा दिवा लागलेला आहे आणि तरी फोन मुका, तर मात्र दोष आपल्या घरात. अशा वेळी घरातल्या सगळ्या जुन्या वायरिंगची जोडणी काढून एकच फोन थेट पेटीला लावून बघावा. दहातल्या सात वेळा तो चालतो आणि गुन्हेगार निघतो तो माडीवरच्या खोलीतला ओल धरलेला जुना जोड. एक मात्र कधीही करू नये : खांबावरून येणारी जुनी तांब्याची तार तशीच ठेवून त्याच वायरिंगला नवी पेटी जोडणं. दोन ठिकाणची वीज एकमेकांवर येते आणि पेटी जळते. पावसाळ्यात त्या तारेवरून वीज कडाडून आली तर विचारूच नका.

माझी स्वतःची फजिती सांगतो. वडिलांचा काळा डायलचा फोन मी जपून ठेवला होता. हौसेनं तो नव्या पेटीला लावला. डायल टोन आला, घंटाही किणकिणली, जरा अशक्तच. पण नंबर काही लागेना. कारण इतिहासातच होतं. डायल फिरवला की तार ठरावीक वेळा तुटते-जुळते, त्या टिचक्या मोजून केंद्र आकडा ओळखे. ही पद्धत अमेरिकेतल्या स्ट्रॉजर नावाच्या माणसानं १८९१ मध्ये पेटंट घेतलेल्या स्वयंचलित केंद्राच्या घराण्यातली. बटणांचे सूर १९६३ मध्ये आले. आजच्या बहुतेक पेट्यांना फक्त सूर कळतात, टिचक्या नाहीत. तुमच्या बटणांच्या फोनच्या पोटाखाली टी आणि पी असं लिहिलेली एक खुंटी असेल. ती पी वर राहिली असेल तर बटणांचा फोनही असाच मुका होतो. ती टी वर सरकवावी. वडिलांच्या फोनसाठी मी टिचक्यांचे सूर करणारी डबी मिळवली, पण तो हौसेचा मामला झाला.

आणखी एक साधी गोष्ट. लँडलाइनवरून मोबाइलला फोन करताना १५ जानेवारी २०२१ पासून आधी शून्य लावावा लागतो. "सगळ्यांना लागतो, फक्त मोबाइलला लागत नाही" ही तक्रार घेऊन माझ्याकडे आलेल्या तीन शेजाऱ्यांचा फोन मी शून्य सांगून दुरुस्त केला आणि प्रत्येकाकडे चहा घेतला.

एक तक्रार मात्र खरी किचकट : "माझा आवाज त्यांना जातो, त्यांचा मला येत नाही." मोबाइलमधल्या किंवा वेगळ्या इंटरनेट फोनवर हे फार होतं. असं समजा, की आपलं घर म्हणजे एक वाडा. बाहेरच्या जगाला वाड्याचा एकच पत्ता ठाऊक, आत मात्र दहा बिऱ्हाडं : टीव्ही, मोबाइल, संगणक, कॅमेरा. दारावरचा राउटर बाहेरून आलेलं पाकीट कुणाचं ते ओळखून आत पोचवतो. फोनची पाकिटं बाहेर जातात, पण उत्तरावर आतल्या बिऱ्हाडाचा पत्ता लिहिलेला असतो आणि तो पत्ता बाहेरच्या पोस्टमनला कळत नाही. कंपनीच्या पेटीमागं आपण बाजारातून आणलेला दुसरा राउटर लावला की वाड्यात वाडा होतो आणि घोटाळा दुप्पट. अशा वेळी दोहोंपैकी एकालाच पत्ते वाटायचं काम द्यावं. कंपनीच्या माणसाकडून पेटी 'ब्रिज' करून घ्यावी किंवा आपला राउटर 'ॲक्सेस पॉइंट' म्हणून चालवावा. राउटरमध्ये 'सिप एएलजी' नावाची एक सोय असते. फोनला मदत करायलाच ती ठेवली आहे म्हणतात. माझ्या अनुभवात ती बंद केल्यावरच फोन सुधारतो.

खरेदीचं विचाराल तर पहिला नियम असा, की बाजारात स्वस्त मिळते म्हणून ओएनटी परस्पर घेऊ नये. फायबरच्या दोन जाती आपल्याकडे चालतात, जीपॉन आणि ईपॉन. एकीची पेटी दुसरीवर चालत नाही. दोन्हीवर चालणारी मिळते, तिच्यावर इंटरनेट सुरूही होतं, पण फोनचं भोक बहुधा मुकंच राहतं, कारण फोनच्या नोंदणीचा परवलीचा शब्द कंपनीकडे असतो आणि ती तो अनोळखी पेटीला देत नाही. तेव्हा "तुमच्याकडे कोणत्या पेटीवर फोन चालतो?" हे आधी विचारून, जमल्यास लेखी घेऊन, मगच पैसे द्यावेत. वेगाच्या आकड्यांना भुलू नये. एका संभाषणाला दोन्ही दिशांना मिळून दोनशे केबीपीएसच्या आतच जागा लागते. शंभर एमबीपीएसच्या जोडणीवरही फोन तुटत असेल तर रात्री मोबाइलचे फोटो किंवा कॅमेऱ्याचं चित्रण वर चढत नाही ना, ते आधी बघा.

आणि मग आत्याचा प्रश्न. पेटीच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुधा १२ व्होल्ट. तेवढ्याच व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. अँपिअर लिहिल्याइतके किंवा जास्त चालतील, कमी नाही. व्होल्ट मात्र अगदी तेच हवेत, आणि पिन नीट बसायला हवी. पेटी दहाएक वॅटच खाते, त्यामुळं तीन-चार तास सहज निघतात. मात्र तो आणण्याआधी कंपनीला विचारावं, की आमच्या घरापासून तुमच्या केंद्रापर्यंत मध्ये कुठं विजेवर चालणारी पेटी आहे का, आणि तिला बॅटरी आहे का? काही ठिकाणी गावातल्या एखाद्या दुकानात असली पेटी ठेवलेली असते. दुकानाची वीज गेली की आपल्या घरातल्या यूपीएसचा हिरवा दिवा नुसता बघत बसायचा.

आत्याच्या गावी अशी पेटी होती. तिला बॅटरी बसवून घ्यायला मला तीन खेपा पडल्या आणि वस्तीवरच्या अकरा घरांच्या सह्यांचा अर्ज द्यावा लागला. आता वीज गेली की आत्या आधी रिसीव्हर उचलून डायल टोन ऐकते, आणि मग कंदील शोधते.